एक आत्मा, दोन पंगती

अद्वैत मानणारा माणूस शिवाशिव पाळू शकतो का? तर्काने पाहिलं तर नाही. इतिहासात पाहिलं तर हो, आणि तेही फारशी तारांबळ न उडता. सर्वांभूती एकच आत्मा आहे असं सकाळी प्रवचनात सांगायचं आणि दुपारी पंगत वेगळी बसवायची, हे आपल्याकडे शतकानुशतकं विनातक्रार चाललं. त्याला ढोंग म्हणून मोकळं होता येतं, पण त्याने काही उलगडत नाही. ढोंगी माणसाला आपली विसंगती ठाऊक असते. इथे विद्वान, सात्त्विक, प्रामाणिक माणसांनाही ती दिसली नाही. का दिसली नाही, हे समजून घ्यायला हवं, कारण आजही सभेच्या व्यासपीठापासून शाळेच्या पुस्तकापर्यंत 'संतांनी समता सांगितली' हे वाक्य समता पोहोचल्याची पोचपावती म्हणून फिरवलं जातं.

आत्म्याविषयीचं कोणतंही मत, कितीही उदात्त असलं, तरी समाजाने कसं वागावं हे आपोआप ठरवत नाही. पंगत, पाणवठा, गाभारा, स्मशान आणि सोयरीक या पाच जागी ते मत कसं उतरवायचं हे कुणाला तरी वेगळं बसून ठरवावं लागतं. ते ठरवलं नाही, तर जुनी व्यवस्था नव्या तत्त्वज्ञानाच्या सावलीत सुखाने नांदते. अद्वैताचा इतिहास हा याचा सर्वात स्वच्छ पुरावा आहे.

शंकराचार्यांच्या नावावर परंपरेने 'मनीषापंचक' हे पाच श्लोकांचं स्तोत्र सांगितलं जातं. काशीत गंगेच्या वाटेवर चांडाळ समोर येतो, आचार्य त्याला दूर हो म्हणतात, आणि तो उलट विचारतो: कोणाला कोणापासून दूर करायचं आहे? अन्नावर पोसलेल्या देहापासून तशाच दुसऱ्या देहाला, की चैतन्यापासून चैतन्याला? पुढच्या श्लोकांत आचार्यांचं उत्तर येतं, ज्याची ही जाण पक्की आहे तो चांडाळ असो वा द्विज, तो माझा गुरू. आता वेदान्ताचा आधारग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांवरचं त्यांचं भाष्य उघडा. पहिल्या अध्यायाचा तिसरा पाद, सूत्रं ३४ ते ३८, म्हणजे अपशूद्राधिकरण. शूद्राला वेदाध्ययनाचा, म्हणून वेदमार्गाने ब्रह्मविद्येचा अधिकार नाही, असा तिथे निर्वाळा आहे. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं आणि लाख ओतावी हे स्मृतिवचनही तिथे आधार म्हणून येतं. इतिहास-पुराणं ऐकून ज्ञान मिळवण्याची मुभा तेवढी शिल्लक ठेवली आहे.

दोन्ही एकाच नावाखाली का नांदू शकतात, याचं उत्तर सत्याच्या दोन पातळ्यांत आहे. पारमार्थिक पातळीवर भेद नाहीच, म्हणून त्याच्याशी झगडायचं कारण नाही. व्यावहारिक पातळीवर भेद आहे, म्हणून तो पाळायचा. दोरीवर भासलेला साप मारायला कोणी काठी घेऊन धावत नाही, तसं मिथ्या भेद मोडायला कोण धावणार? पण मिथ्या सापाला कोणी रोज दूधही पाजत नाही. जो भेद खोटा, तो इतक्या काटेकोरपणे पाळायचा कशासाठी, हे मात्र विचारलं गेलं नाही. कसलेल्या नैयायिकांना, म्हणजे तर्कपंडितांनाही हे सुचलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. सुचलं असणार, विचारल्याने कोणाचीच सोय होत नव्हती.

ज्ञानोबांचं अद्वैत इथे वेगळं पडतं, आणि ते किती वेगळं आहे हे आपण पुरेसं लक्षात घेत नाही. 'अमृतानुभवा'तलं सर्वात मोठं प्रकरण अज्ञानाच्या खंडनाला दिलेलं आहे. अज्ञान नावाची वस्तूच सिद्ध होत नाही, म्हणून जग हा अज्ञानाचा खेळ ठरत नाही. ते चैतन्याचंच उमलणं आहे, अशी मांडणी. चिद्विलास म्हणतात तो हाच. जग खरं म्हटलं, की जगातला अपमानही खरा होतो, आणि 'व्यवहार काय, मिथ्याच आहे' ही पळवाट बुजते. संन्यास सोडून संसारात परतलेल्या बापाची मुलं म्हणून वाळीत पडलेल्या भावंडांपैकी एकाने ही मांडणी करावी, हा योगायोग नसावा. 'ज्ञानेश्वरी'च्या नवव्या अध्यायात तर कुळ, जाती, वर्ण हे सगळं अकारण आहे असं स्पष्ट येतं.

पण त्याच ओव्यांत एक अट आहे. ओढे-नाले गंगेला मिळेपर्यंतच ओढे-नाले. तशा जाती वेगळ्या कुठवर, तर भगवंतापर्यंत पोहोचत नाहीत तोवर. म्हणजे समता भक्तीच्या अखेरच्या मुक्कामाला आहे. गाव त्या मुक्कामाला राहत नाही, गाव अलीकडेच राहतं. आणि अलीकडच्या प्रदेशाचे नियम तिसऱ्या आणि अठराव्या अध्यायात आहेत, जिथे ज्याला जे कर्म नेमून दिलं त्याने तेच करावं, असा गीतेचाच धागा पुढे चालतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, याहून अधिक कोणी काय लिहायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. सातशे वर्षांनी आपण त्यातला नववा अध्याय तेवढा वाचून दाखवतो, तक्रार ती आहे.

या सगळ्या परंपरेत सर्वात नेटका युक्तिवाद मला सोयराबाईंचा वाटतो. चोखोबांच्या पत्नी. देहाला विटाळ आहे असं सगळे म्हणतात आणि आत्मा मात्र शुद्ध-बुद्ध आहे असंही म्हणतात, इथून त्यांचा अभंग निघतो. सर्वसाधारण भक्त इथून आत्म्याकडे उडी मारतो: देह विटाळलेला असला तरी आत्मा तर निर्मळ आहे ना, मग झालं. सोयराबाई ती उडी मारत नाहीत. त्या देहावरच थांबतात आणि विचारतात, हा विटाळ आला कुठून? देहातच जन्मला. मग सोवळा झाला तो कोण, कोणत्या धर्माने? विटाळावाचून उत्पत्तीला जागाच नाही. विटाळाशिवाय घडलेला एक तरी देह जगात दाखवा. बाईच्या ज्या रक्ताला विटाळ म्हणायचं, त्यातूनच शास्त्रीबुवांचाही देह झाला.

हा युक्तिवाद व्यावहारिक पातळीवर लढलेला आहे. 'बाहेर भेद असला तरी आत एकच' असं त्या म्हणत नाहीत. बाहेरही भेद नाही असं म्हणतात. म्हणून त्याला दोन पातळ्यांचं उत्तर लागू पडत नाही. बहिणाबाई शिऊरकरांनी सतराव्या शतकात 'वज्रसूची' हे संस्कृत उपनिषद मराठी अभंगांत आणलं, तेही याच जातकुळीचं. तिथे ब्राह्मण म्हणजे नेमकं कोण, असं विचारून सहा पर्याय एकेक करून तपासले आहेत: जीव, देह, जाती, ज्ञान, कर्म, धार्मिकता. जीव सर्वांचा सारखा, म्हणून तो बाद. देह ब्राह्मण म्हणावा, तर बापाच्या प्रेताला अग्नी देणाऱ्या मुलाला ब्रह्महत्येचं पातक लागेल, म्हणून तोही बाद. जातीने म्हणावं, तर व्यास कोळिणीच्या पोटचे आणि ऋष्यशृंग हरिणीच्या. असं करत सहाही पर्याय गळतात. शेवटी मात्र ब्रह्म जाणणारा तो ब्राह्मण असं उत्तर येतं आणि थोडी निराशा होते, कारण पद रिकामं करून ते पाडण्याऐवजी नव्या मालकाला दिलं जातं. उतरंड राहिलीच. तरीही बाईमाणसाने, तेही ब्राह्मणाघरच्या, तुकोबांना गुरू मानून हे लिहिलं, याचं मोल कमी होत नाही.

चोखोबा-सोयराबाईंचा मुलगा कर्ममेळा. त्याचा देवाशी झालेला तंटा तर आणखी रोखठोक आहे. आमची जात हीन केलीस, आमचा जन्म उष्टं खाण्यात गेला, तुला लाज कशी वाटत नाही, असं तो विठ्ठलाला विचारतो. हे उष्टं अलंकारिक नव्हे. गावकीचं काम करणाऱ्या महाराच्या वाट्याला घरोघरचं उरलंसुरलं यायचं, तो त्याच्या कामाचा मोबदला धरला जायचा.

आणि याच परंपरेच्या मध्यभागी काला आहे. लाह्या, पोहे, दही, लोणचं, मिरची, ज्याच्या शिदोरीत जे असेल ते एकत्र कालवायचं आणि एकमेकांच्या तोंडात घालायचं. कृष्णाने गोपाळांचं उष्टं खाल्लं, ते उष्टं मिळावं म्हणून देव मासे होऊन यमुनेत आले, हे काल्याच्या कीर्तनात ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. म्हणजे वर्षातून एकदा, मंडपात, उष्टं हे अमृत. उरलेले दिवस, वेशीबाहेर, उष्टं हा जातीचा हक्क. कर्ममेळ्याने दोन्ही पाहिलं आणि ज्याने काल्याची थोरवी आपल्याला शिकवली त्यालाच जाब विचारला. काल्याच्या कीर्तनात कर्ममेळ्याचा अभंग निरूपणाला घेतलेला मी ऐकलेला नाही. घ्यायला हरकत नसावी.

डॉ. आंबेडकरांचा संतांवरचा आक्षेप या जागेवर नेमका बसतो. 'जातिभेद निर्मूलन' या १९३६ च्या निबंधाच्या पुढच्या आवृत्तीत गांधीजींना दिलेल्या उत्तरात ते म्हणतात, की संतांचा विषय माणूस आणि देव यांचं नातं हा होता, माणसामाणसातला झगडा हा नव्हता; देवाच्या नजरेत सगळे समान, हे म्हणणं फार निराळं आणि फार निरुपद्रवी आहे. हे वाचून दुखावणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, याच आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाविषयीचं आपलं पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केलं. दुसरी, उपनिषदांतल्या ब्रह्मविचाराबद्दल त्यांचं मत अनेकांच्या कल्पनेपेक्षा वरचं होतं. १९८७ साली राज्य शासनाने छापलेल्या आणि वादात सापडलेल्या त्यांच्या 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये 'ब्रह्म म्हणजे धर्म नव्हे, मग ब्रह्माचा उपयोग काय' असं एक कोडं आहे. तिथे त्यांनी लिहिलं आहे, की आपण सगळे एका देवाची लेकरं आहोत, या पायापेक्षा तू आणि मी एकाच ब्रह्माचे अंश आहोत हा लोकशाहीसाठी अधिक भक्कम पाया ठरला असता. 'अहं ब्रह्मास्मि' म्हणणं उद्धटपणाचं वाटणाऱ्यांनाही ते टोकतात. आपण इतर कोणापेक्षाही उणे नाही हे माणसाला कळणं लोकशाहीला लागतंच. मग बिघडलं कुठे? ब्रह्माला धर्माचा, म्हणजे वागण्याच्या नियमांचा आधार केलं नाही, ते तत्त्वज्ञान म्हणून बाजूला ठेवलं, असं त्यांचं निदान.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. बौद्ध दर्शनात अनात्मवाद, म्हणजे नित्य आत्मा नाही हे मत, इतका मध्यवर्ती, पण या बावीसमध्ये आत्मा आहे की नाही यावर एक ओळ नाही. श्राद्ध-पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करवून घेणार नाही, सर्व माणसं समान मानीन, समता स्थापण्याचा प्रयत्न करीन, चोरी करणार नाही, दारू पिणार नाही. दर्शन बाजूला ठेवून त्यांनी आधी आचाराची यादी दिली. शंकरांपासून चालत आलेली गल्लत त्यांना पक्की ठाऊक होती.

वारकऱ्यांकडे आचाराची यादी नव्हती असं मुळीच नाही. माळ घातली की एकादशी, वारी, मांसाहार आणि दारू वर्ज्य, हरिपाठ. शिवाय देहाला लावलेलं एक जबरदस्त वळण: समोर येईल त्याच्या पायाला हात लावायचा आणि त्याला माउली म्हणायचं. वय, शिक्षण, जमीन काही न पाहता. अहंकार कसा जातो यावर प्रवचन ऐकून तो जात नाही. कंबर रोज शंभरदा वाकवली की थोडासा जातो. आत्मज्ञानाची ही सर्वात व्यवहारी पद्धत आहे आणि तिच्याबद्दल मला खरोखर आदर आहे. पण या यादीत रोटी आणि बेटी यांबद्दल कलम नव्हतं. इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा त्यांच्या दिंडीतही भजन एकत्र आणि चुली वेगळ्या होत्या, हे त्यांनी अस्वस्थ होऊन लिहून ठेवलं आहे. पाया पडण्याची सवय दिंडीच्या हद्दीत पक्की होते आणि हद्द संपली की संपते. दहा दिवसांच्या मौनशिबिरांत आज शहरी माणसांना हाच अनुभव येतो. आत सगळ्यांना एकच जेवण, एकच आसन, नाव नाही, हुद्दा नाही. अकराव्या दिवशी फाटकाबाहेर गाडी उभी असते आणि ड्रायव्हर मागच्या सीटचं दार उघडतो.

गाभाऱ्याचं दार कसं उघडलं, ते पाहू. पंढरपुरात पायावर डोकं ठेवून दर्शन मिळतं, तेही कोणालाही, याचं आपल्याला कौतुक असतं. चोखोबांची समाधी मात्र महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या पुढ्यात आहे. दाराबाहेर. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाच्या भिंतीचं काम करताना ते दगडांखाली गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या अशी परंपरा. तिथून पुढे सहाशे वर्षं लाखो वारकरी त्या समाधीला हात जोडून आत गेले आणि चोखोबांच्या जातीची माणसं समाधीपाशीच थांबली. या सहाशे वर्षांत अद्वैत कोणी नाकारलं नव्हतं. १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, १० मे रोजी ते सुटलं, आणि दार उघडलं. दहा दिवस एका माणसाने अन्न सोडलं, त्याआधी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर फिरून त्याने लोकमत तयार केलं, आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा झाला. तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा सहाशे वर्षांचं तत्त्वज्ञान उंबरा ओलांडून आत गेलं.

पुढचा भाग तर तत्त्वज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याने अभ्यासावा असा आहे. अस्पृश्यांचा प्रवेश होण्याआधी विठ्ठलाचं तेज मंत्रांनी घागरीतल्या पाण्यात काढून घेतलं आणि ती घागर वेगळी पूजेत ठेवली, असं सांगितलं जातं. म्हणजे मूर्ती तुम्हाला दिली, देव आमच्याकडेच. सर्वव्यापी चैतन्य एका घागरीत मावतं, तिला झाकण बसतं, आणि ती कोणाच्या घरी ठेवायची हेही ठरवता येतं! गूढ कल्पना दोन्ही दिशांना सारख्याच सहजपणे ताणता येतात, याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. म्हणूनच गाभाऱ्याचा प्रश्न शेवटी सुटला तो कायद्याने. १९७३ चा पंढरपूर मंदिरे अधिनियम, त्यावर चार दशकं चाललेली न्यायालयीन लढाई, जानेवारी २०१४ मध्ये बडवे-उत्पात या पिढीजात पुजाऱ्यांचे वंशपरंपरेचे हक्क संपवण्यावर सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. एकच आत्मा आहे, याचा मला समजलेला सर्वात थेट मराठी अनुवाद म्हणजे ती जाहिरात.

तत्त्वज्ञानाला स्वतःहून व्यवस्थेत उतरता येत नाही, पण उतरवणारा भेटला तर ते जोर देतं, हेही मान्य करायला हवं. गाडगे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली, कारण वारीला आलेल्या अस्पृश्यांना निजायला जागा नव्हती. आत्म्याच्या एकत्वावर त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, छप्पर घातलं. आणि १९४९ साली ती इमारत आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. केरळात नारायण गुरू तर चोख अद्वैती. १८८८ मध्ये अरुविप्पुरमला त्यांनी, ईळव या अवर्ण मानलेल्या जातीच्या माणसाने, शिवाची स्थापना केली आणि जातिभेद व धर्मद्वेष यांवाचून सगळे भावासारखे राहतील अशी ही जागा, असं तिथे कोरवलं. पुढे देवळांबरोबर शाळा काढल्या, आणि १९२७ साली कळवनकोडला तर मूर्तीच्या जागी आरसा बसवला. शंकरांचं वेदान्तच त्यांनी हाती घेतलं होतं, पण दोन पातळ्यांची सवलत घेतली नाही.

'मी' सोडण्याच्या उपदेशात आणखी एक गोम आहे, आणि ती भल्या माणसांच्याही लक्षात येत नाही. अहंकार सोड, हा उपदेश ज्याच्याकडे चाळीस एकर बागायत आहे त्याला काही किंमत मोजायला लावतो. ज्याला 'मी' म्हणायलाच कधी मिळालं नाही, जो आधीच वाकलेला आहे, त्याला तो उपदेश साधना म्हणून पोहोचत नाही, हुकूम म्हणून पोहोचतो. चोखोबांच्या नावावरच्या एका अभंगात आपला जन्म हा मागच्या जन्मीच्या चुकीचं फळ असल्याचं येतं. हे आत्मज्ञान म्हणायचं की पिढ्यान्‌पिढ्या पढवलेला दोष? एकच औषध दोन रोग्यांना उलट परिणाम करतं, इतकं तरी निरूपणकाराने जाणावं. समोर बसलेल्यांत कोण आहे हे पाहून अहंकाराचा अभंग निवडावा, किंवा त्याच्या जोडीला सोयराबाईंचाही घ्यावा.

आता गावातला अखंड हरिनाम सप्ताह घ्या, म्हणजे हे सगळं कुठे अडतं आणि कुठे सुटतं ते दिसेल. पहाटे काकडा, मग पारायण. 'ज्ञानेश्वरी'च्या नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत म्हणजे दिवसाला साधारण तेराशे. दुपारी गाथा, मग प्रवचन, हरिपाठ, रात्री कीर्तन आणि जागर. या सगळ्यात बसायला हल्ली कोणाला मज्जाव नसतो. मज्जाव नसणं म्हणजे समता, असं समजून सप्ताह कमिटी खूश असते. पण तपासायच्या जागा वेगळ्या आहेत.

पहिली जागा वीणा. सात दिवस ती खाली ठेवायची नसते. १६८ तास, दोन तासांचा पहारा धरला तर ८४ पहारे. वीणेकऱ्याच्या पाया सगळे पडतात, पाटील असो की सरपंच. म्हणून ८४ नावांचा तो कागद गावाचं खरं अध्यात्म सांगतो. मातंग वस्ती, चांभारवाडा, पारध्यांची पालं, यांतली किती नावं त्यावर आहेत? बहुधा कोणी वगळलेलं नसतं. यादी जुन्या यादीवरून उतरवलेली असते आणि जुनी त्याहून जुन्या यादीवरून. इलाजही तेवढाच साधा आहे: यादी दरवर्षी कोरी करायची, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आठवडाभर लावायची आणि नाव द्यायला वस्तीवर जायचं. पारावर बसून 'त्यांनी यावं की, कोण नाही म्हणतंय' असं म्हणत राहिलं तर कोणी येत नाही.

दुसरी जागा चूल. वर्गणी सगळ्यांची चालते, कोरडा शिधा सगळ्यांचा चालतो. पीठ मळणारे, आमटी ढवळणारे, वाढपी कोण? जुना नियम असाच होता, धान्य कोणाचंही, शिजवलेलं ठरावीक घरांतलं. कंत्राटी आचारी आल्यापासून हा प्रश्न मिटल्यासारखा वाटतो, कारण पैसे देऊन आणलेल्या माणसाची जात कोणी विचारत नाही. पण एका दिवसाचं अन्नदान वस्तीवरच्या घराकडे आणि स्वयंपाकही त्याच घरच्या बायकांच्या हातचा, असं ठेवून पाहा. त्या दिवशी किती ताटं कमी उठतात ते मोजा. उपास एकदम वाढलेले दिसले तर गावाला आपलं उत्तर मिळालं.

यात एक काळजी घ्यावी लागते. बौद्ध वस्तीला सप्ताहात ओढून आणणं म्हणजे समता नव्हे. त्यांनी विचार करून ती वाट सोडली आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला गावाने रस्ता मोकळा द्यावा, त्यांच्या भोजनदानाला पंगतीत बसावं, हे त्यांच्या बाजूचं माप आहे. 'आमच्यात या' एवढंच निमंत्रण ज्याला सुचतं, त्याचा आत्मा अजून एकाच बाजूला आहे.

कायद्याने हे सगळं होणार नाही, अशी एक लाडकी तक्रार असते: मन बदललं पाहिजे. मान्य. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता गुन्हा ठरली आणि पाणवठा, हॉटेल, देऊळ यांवर त्याचा परिणाम झाला. कोणाला कोणाच्या घरी जेवायला लावणं कलमाला जमत नाही. पण मन बदलण्याची जबाबदारी ज्या परंपरांनी अंगावर घेतली होती, त्यांना सातशे वर्षं मिळाली होती. निव्वळ मनावर सोडलेल्या गोष्टीचं काय होतं, ते पंढरपूरने दाखवलं. दार आधी उघडावं लागलं, मग आतली मनं हळूहळू सरावली. हा क्रम उलटा चाललेला मला तरी कुठे सापडत नाही.

उरली सोयरीक, आणि सगळी एकात्मता तिथे येऊन थबकते. पुण्या-मुंबईचीच नव्हे, परदेशातल्या मराठी मुलामुलींची स्थळं जुळवणारी मंडळंही पोटजातीचा रकाना ठेवतात, आणि फॉर्म भरणाऱ्या घरात हरिपाठ रोज होत असतो. चोखोबांच्या आधी दीडशे-पावणेदोनशे वर्षं त्याच मंगळवेढ्यात लिंगायत परंपरेचे बसवण्णा कलचुरी राजा बिज्जळाच्या पदरी होते. पुढे कल्याणला अनुभवमंटप या सभेत सर्व जातींचे शरण, म्हणजे बसवण्णांच्या वाटेचे भक्त, एकत्र बसून आत्मा, देह, काम, श्रम यांवर बोलत. राजाने ते चालू दिलं. मग शरणांपैकी चांभार हरळय्याच्या मुलाचं आणि ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचं लग्न लागलं. परंपरा सांगते, की राजाने दोन्ही बापांना हालहाल करून मारलं, कल्याणात रक्तपात झाला, शरण देशोधडीला लागले. आत्मा एक आहे असं वर्षानुवर्षं म्हणणाऱ्यांना कोणी हात लावला नव्हता.

महाराष्ट्रात २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांपैकी कितीतरी कुटुंबांचा गुन्हा पोरांनी जातीबाहेर लग्न केलं एवढाच होता. त्या कायद्याने कोणकोणत्या गोष्टी अडवणं गुन्हा ठरवलं आहे ते वाचावं: लग्न, अंत्यविधी, स्मशानभूमी, पूजेची जागा, सामाजिक कार्यक्रम. सप्ताहाच्या सातव्या दिवशी कीर्तनाआधी पाच मिनिटं काढून ती यादी मंडपात माईकवर वाचायला काही खर्च येत नाही, आणि ती वाचायला पोलीस पाटलापेक्षा त्या वेळी वीणा ज्याच्या हाती असेल तो बरा.